कुरतडलेला पाय

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. तीन पायांवर ठाकठीक, चौथ्यावर लंगडी. स्वयंपाकघराच्या खिडकीशी माझी जागा. दुपारी ऊन मांडीवर आलं की मला डुलकी लागते आणि डुलकीत मी पुन्हा झाड होते.

हे लंगडेपण काही जन्माचं नाही बरं. सुताराने घडवलं तेव्हा मी अशी देखणी होते की दुकानात येणारा प्रत्येक जण टेकून बघायचा. मग या घरात आले. आईने माझ्यावर चढून माळे आवरले, धाकटी मला धरून उभं राहायला शिकली. सगळं सुखाचं चाललं होतं, तेवढ्यात फौजदार आला.

फौजदार म्हणजे घरातला ससा. सकाळी घरभर गस्त घालतो म्हणून धाकटीने हे नाव ठेवलं. गस्त संपली की स्वारी माझ्या पायाशी बसायची आणि कुरुकुरु सुरू. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, काही ना काही चावून ते झिजवावेच लागतात. पण त्यासाठी माझाच पाय? बाबा तर रोज त्याच्या नावाने ठणाणा करायचे. तरी खरं सांगू? त्या आवाजात मला झोप छान लागायची. स्वप्नातल्या झाडाच्या मुळाशी कुणीतरी सोबतीला बसलंय असं वाटायचं.

एके दिवशी कुरुकुर थांबली. बाबा खूश. आमचा फौजदार शहाणा झाला, असं येईल त्याला सांगू लागले. पॉलिशपेपर आणून त्यांनी माझा पाय घासून गुळगुळीत केला. कौतुक झालं, पण माझी झोप मात्र उडाली.

शहाण्या सशाची हनुवटी आता लाळेने ओली असायची. गवताजवळ जायचा, हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. कोवळी पानं तेवढी खायचा. आई म्हणाली, नखरे आहेत, लाडावून ठेवलाय. धाकटी डॉक्टरकडे नेऊ या म्हणून मागे लागली. तिथे तपासायला भूल देतील, याची बाबांना धास्ती. म्हातारा जीव, झोपवला आणि उठलाच नाही तर? पानं खातोय ना, मग बघू उद्या. असे उद्या येत राहिले. मला सगळं दिसत होतं, पण लाकडाला वाचा नसते. मित्रांनो, सशालाही नसते. दुखलं तरी तो कोपऱ्यात गुपचूप बसून राहतो.

एका दुपारी बाबा माझ्या पायाखाली कागदाची घडी सारायला वाकले. त्यांचा हात घासलेल्या लाकडावरून फिरला. त्यावर दाताची एकही नवी खूण नव्हती. ते तिथेच फरशीवर बसले.

"हा शहाणा नाही झालेला," ते हळूच म्हणाले. "याला चावताच येत नाहीये."

आईने टोपली काढली, धाकटीने आत टॉवेल अंथरला आणि तिघं फौजदाराला घेऊन गेली. ऊन माझ्या मांडीवर आलं आणि उतरलं. मला काही झाड होता आलं नाही. फार भीती वाटत होती.

संध्याकाळी टोपली परत आली. आत दोन कान हलले आणि माझा जीव भांड्यात पडला. त्याच्या दाढा वाढून टोकदार झाल्या होत्या, जीभ सोलून निघाली होती. डॉक्टरांनी भूल देऊन त्या घासल्या. आणखी वाट पाहिली असती तर पोट बंद पडून गेला असता, म्हणाल्या. सशाचं खाणं कमी झालं की त्याच दिवशी आणा, हेही बजावलं.

मग एका सकाळी गस्त संपली आणि माझ्या गुळगुळीत पायाशी कुरुकुर सुरू झाली. बाबा सवयीने ओरडायला उठले, पण तसेच खाली बसले.

"चाव रे बाबा, चाव," म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

मित्रांनो, खोडकर जीव अचानक गुणी झाला तर लगेच पाठ थोपटू नका. आधी त्याच्याजवळ बसा, तो काय खातोय ते बघा. माझं म्हणाल तर मी लंगडीच बरी. ऊन मांडीवर आलंय, डोळे मिटतायत आणि मुळाशी कुणीतरी बसलंय.