वाकवलेला मका

कासिमिराने कणसाच्या खाली धाट दोन्ही हातांनी धरलं आणि कट्‌कन मोडलं. तुटू दिलं नाही, नुसतं वाकवलं. कणीस जमिनीकडे तोंड करून लोंबू लागलं. आता पाऊस आत शिरणार नाही, पाखरं चोच मारणार नाहीत, आणि दाणा धाटावरच खणखणीत वाळेल. बाकीचं शेत तिच्या नवऱ्याने, नासारियोने आधीच वाकवून ठेवलं होतं. शेवटच्या दोन ओळी उरल्या, आणि परवा सकाळी शिपाई त्याला घेऊन गेले. गुन्हा काय, तर जुन्या सरकारने परदेशी कंपनीची पडीक जमीन वाटली तेव्हा त्याने हात पुढे केला होता.

"कोमाद्रे!"

बांधावरून हाक आली तरी तिने वळून पाहिलं नाही. आवाज ओळखीचा होता. अबुंदियो. तिच्या धाकटीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पोरीला हातांवर घेणारा तिचा धर्मपिता हाच; त्या नात्याने कासिमिरा त्याची कोमाद्रे, तो तिचा कोम्पाद्रे. जमीनवाटप समितीचा चिटणीसही हाच. गेल्या वर्षी याच बांधावर जमिनीचा कागद वाचताना ढसाढसा रडला होता मेला. मग जूनमध्ये परदेशी विमानं डोक्यावरून घिरट्या घालून गेली, अध्यक्ष परागंदा झाला, आणि आठ दिवसांत याच्या दंडावर नव्या सत्तेची खंजीर-क्रुसाची पट्टी चढली. समितीची यादी यानेच नव्या लोकांच्या हातात दिली. तीच यादी घेऊन शिपाई दारोदार फिरत होते.

त्याच्यासोबत कॅप्टन होता. राजधानीतला, कोवळा, चिखलात बुटांकडे बघत चालणारा.

"जमीन कंपनीकडे परत गेली," तो कासिमिराला म्हणाला. "उद्यापासून कंपनीची गुरं इथे..." आणि त्याची नजर शेतावर गेली. "हे काय? सगळं पीक मोडून टाकलंय!"

"मोडलं नाही साहेब, वाळायला वाकवलंय. आमच्यात असंच करतात."

तिने एक कणीस तोडलं, भराभरा सोललं आणि पुढे धरलं. कॅप्टनने हात लावला नाही. तो अबुंदियोकडे वळला.

"तू इथलाच ना? करतात असं?"

अबुंदियोने आयुष्यभर दुसरं केलं काय होतं? गेल्या ऑगस्टमध्ये नासारियोच्या जोडीने तो इथेच ओळ धरून चालला होता, वर अचकट विचकट गाणी म्हणून सगळ्यांना हसवत होता. त्याने टोपी काढून छातीशी धरली.

"नाही साहेब. असलं मी कधी पाहिलं नाही."

कासिमिराचा हात तसाच हवेत राहिला.

"मग कुणाचं काम हे?"

"हिच्या नवऱ्याचं. सूड उगवलाय. आपल्या कोठडीत आहेच तो."

"लिही. मुद्दाम पीक नासवलं. बसव त्याला चारच्या ट्रकमध्ये. आणि गुरं नकोत इथे. पुढच्या आठवड्यात नांगर फिरवून टाका."

ज्यांनी नुसती जमीन घेतली होती, त्यांना पंधरा दिवस कोठडीत ठेवून सोडून देत. ट्रकमधून राजधानीला गेलेला अजून एकही परतला नव्हता. कासिमिरा कॅप्टनच्या मागे रस्त्यापर्यंत धावली. खोटं बोलतोय तो, साहेब, खोटं बोलतोय!

"बाई, तुझं ऐकू की त्याचं?" कॅप्टन जीपमध्ये बसत म्हणाला. "एक तरी साक्षीदार आण."

कुणाला आणणार? यादीतले आत होते आणि बाहेरचे घाबरून दारं लावून बसले होते. तिने चार दारं ठोठावली, चारही उघडली नाहीत. दुपारी, शिपाईसुद्धा जेवून आडवे होतात त्या वेळी, ती शेताकडे परतली तर मक्यात सळसळ चालली होती. दोन खेचरं बांधाला उभी. अबुंदियो कणसं तोडून पोत्यात टाकत होता. दंडावरची पट्टी मळू नये म्हणून घडी करून खिशात ठेवलेली.

"ओरडू नकोस, कोमाद्रे," तो हळू आवाजात म्हणाला. "गुरांनी खाल्लंच असतं ना सगळं? आता कागदावर हे पीकच नाही. कुणी विचारायला येत नाही. अर्धं तुझं. मी काय जनावर आहे?"

"आणि नासारियो?"

"कुणाचं तरी नाव द्यावंच लागतं गं. तो आत होताच. आता पोरींचं बघ. वर्षभराच्या भाकरीची सोय झाली तुझी." त्याने एक कणीस सोललं, अंगठ्याने दाणे कुरवाळले. "बघ कसं भरलंय! नासारियोचा हातच चांगला."

शिव्या दिल्या असत्या तर तिला सोसल्या असत्या. ही माया तिला सोसवेना.

साक्षीदार समोरच उभा होता, दोन खेचरांसकट. पण कॅप्टनला इथे आणून हे दाखवलं, की पीक धडधाकट ठरणार. आणि पीक धडधाकट ठरलं, की उद्या सकाळी कंपनीची गुरं आत. पोरींच्या वाट्याला एक दाणा उरणार नाही. तिने सूर्याकडे पाहिलं. चार वाजायला दोन तास होते.

"पोतं आणते," ती म्हणाली.

"शहाणी आहेस. दोन आण."

"तू मात्र घाई करू नकोस, कोम्पाद्रे. नीट भर. मी येईपर्यंत थांब."

"थांबतो की!" तो हसला.

पोती घराच्या दाराशी टांगलेली होती. त्यांना हात न लावता ती पुढे गेली. थोरलीला म्हणाली, "धाकटीला घेऊन आत बस." शाल डोक्यावर ओढली आणि कॅप्टन बसत होता त्या नगरपालिकेच्या रस्त्याला लागली. बरंच दूर जाईपर्यंत मागून कणसं तुटल्याचा आवाज येत होता, एकसारखा आणि बिनघोर.