व्हिएन्नाला गेलेली किल्ली

मी एक किल्ली बोलतेय. पितळेची, बोटभर लांब, एका पोलादी कपाटाची. माणसं नवस बोलतात तेव्हा नारळ, खण, पेढे असं काही ना काही देवाला कबूल करतात. मीही एकदा नवस बोलले होते. माझ्याजवळ द्यायला एकच गोष्ट होती, माझं कुलूप. मी तेच कबूल केलं. हसू नका. आधी ऐका, कारण माझा राग अजून उतरलेला नाही.

अलीगढच्या एका कारखान्यात माझे दात कापले गेले. पुढे मुंबईहून आलेल्या सामानाबरोबर कपाट रियाधला पोचलं आणि मी हेमलताताईंच्या हाती आले. किती छान दिवस होते ते! त्या मुलखात आपली पूजाअर्चा दाराआडच करावी लागते, म्हणून ताईंचे देव कपाटातच असत. सकाळी आंघोळ झाली की ओल्या केसांनी यायच्या, मला फिरवायच्या, आणि मधल्या फळीवर गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण! वास बाहेर जाईल म्हणून उदबत्ती नाही, नुसतं निरांजन. लहानग्या लेकीला, स्वानंदीला, दम्याचा त्रास. "माझ्या लेकीचा श्वास मोकळा होऊ दे रे बाबा, एकवीस संकष्ट्या करीन," हे मी कितीदा ऐकलं असेल. नवस कसा बोलायचा ते मी तिथेच शिकले.

मग त्यांनी लहान घर घेतलं. कपाट मावेना. ताईंचे यजमान विवेकराव एका कंपनीत हिशेबनीस होते. त्यांनी ते कंपनीच्या अल सुलै भागातल्या गोदामाला देऊन टाकलं. देवांच्या फळीवर आता पासपोर्ट आले, चांगले त्रेचाळीस. माणूस कामावर रुजू झाला की त्याचा आणि घरच्यांचा पासपोर्ट आत आणि हातात इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना. रीतच तशी, म्हणे. मला विचाराल तर असली कसली रीत? घामाचं अंग बाहेर आणि घरी जायची वाट कुलपात!

आता मी विजयकुमारांच्या खिशात राहू लागले. ते त्याच कंपनीचं प्रशासन बघायचे. सगळे त्यांना मुदीर म्हणत. परके कुणी नव्हते, आपलेच, साताऱ्याकडचे. म्हणून तर मला जास्त लागतं.

शेजारच्या देशानं कुवेत घेतलं त्याला पाच महिने झाले होते. कुवेत सोडा नाहीतर युद्ध, ही पंधरा जानेवारीची मुदत सगळ्यांच्या तोंडी होती. विषारी वायूच्या भीतीनं घराघरांत खिडक्यांना प्लास्टिक लावून चिकटपट्ट्या मारल्या जात होत्या. विवेकरावांनी कंपनीकडून मिळालेले तीन मास्क घरी नेले. स्वानंदीनं त्यातला एक तोंडावर चढवला आणि अर्ध्या मिनिटात ओरबाडून काढला. छाती भात्यासारखी चालू होती. "आई, आय कान्ट ब्रीद!" त्याच दिवशी ताईंनी ठरवलं, पोरीला घेऊन मुंबईला जायचं. पंधराच्या संध्याकाळच्या विमानात दोन जागा मिळाल्या. बाहेर जायचा शिक्कासुद्धा पासपोर्टवर पडला होता. फक्त पासपोर्ट माझ्या कपाटात होता.

ताई मुद्दाम मुदीरसाहेबांच्या घरी आल्या. मी खिशातून ऐकत होते.

"भाऊजी, आम्हा मायलेकींचा एकच पासपोर्ट आहे. तुम्ही सहलीला जाण्याआधी तेवढा काढून ठेवा हं."

"वहिनी, तुमचं काम आणि मी विसरेन?"

विसरले! बाराला पहाटे आपले नवराबायकोचे दोन पासपोर्ट घेतले, कपाट बंद केलं, मला ओव्हरकोटाच्या खिशात टाकलं आणि बायकोला, विभाताईंना, घेऊन व्हिएन्नाला निघाले. पाच दिवसांची थंडीतली सहल. ऑक्टोबरपासून ठरलेली.

शहर सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? दगडी वाड्यांच्या कंगोऱ्यांवर बर्फ, घोड्यांच्या गाड्या, कोपऱ्यावर भाजलेले चेस्टनट. त्यांची टरफलं माझ्याच अंगावर पडत होती. साहेब पुतळ्यापाशी उभे राहून फोटो काढून घेत होते, "मफलर नीट दिसतोय का गं?" म्हणत होते. आणि तिकडे विवेकराव रोज कपाटासमोर उभे राहून घरी परतत होते. मुदीरच्या हुकमाशिवाय हात कसा लावायचा? हॉटेल कोणतं तेही कुणाला ठाऊक नव्हतं.

सोमवारी, चौदाला, दोघं तिथल्या मोठ्या चर्चमध्ये गेले. लोक मेणबत्त्या लावत होते. विभाताईंनाही लावावीशी वाटली. "नाणं आहे का हो?" म्हणत त्यांनी साहेबांच्या खिशात हात घातला, आणि नाणं म्हणून मीच वर आले.

"अहो, ही कपाटाची किल्ली ना?"

"हळू बोल. चर्च आहे."

"वहिनींचा पासपोर्ट दिलात ना?"

"काय कोरीवकाम आहे बघ वरती!"

"छत नका दाखवू मला. दिलात का?"

"राहिला. गडबडीत राहिला. त्यात काय एवढं? पंधराला काय आभाळ कोसळणार आहे?"

"मग फोन करा. कपाट फोडायला सांगा."

"खुळी आहेस का? किल्ली गोदामातल्या नसरुद्दीनकडे दिलीय असं मालकाला, कफीलला, सांगून आलोय मी. कपाट फोडलं की माझी अब्रू जाईल."

"म्हणजे तुमच्या अब्रूसाठी त्या पोरीनं गुदमरायचं?"

"सहलीची मजा घालवू नकोस. चल, राजवाडा बघायचाय."

काय चीड आली मला! पितळ तापून वितळेल असं वाटलं. जाणूनबुजून? एक फोन, फक्त एक फोन! तिथेच, त्या मेणबत्त्यांसमोर, मी माझ्या मधल्या फळीवरच्या गणपतीला हाक मारली. देव ओळखीचा, जागा परकी, पण हाक पोचतेच. म्हटलं, "या बाईच्या हाताला बळ दे. माझं कुलूप फुटू दे. जन्मभर बिनकामाची राहीन, पण माझ्या ताईला वाट दे."

विभाताईंनी मला परत दिलं नाही. मुठीत घट्ट धरलं. "पाय दुखतात, तुम्ही या राजवाडा बघून," म्हणून त्या हॉटेलवर आल्या आणि थेट ताईंच्या घरी फोन लावला.

"वहिनी, मी विभा. किल्ली इकडे आलीय हो! वाट बघू नका, कपाट फोडा."

"अगं, पण भाऊजी..."

"भाऊजी गेले राजवाड्यात! माझं नाव सांगा. म्हणावं, विभानं फोडायला लावलं."

पुढचं मला नंतर कळलं, कारण गोदाम सांभाळणारे नसरुद्दीनभाई ते अजून रंगवून सांगतात. रत्नागिरीकडचा माणूस, पहार घेऊन उभा. विवेकरावांनी कपाटाचं दार धरलं. भाई म्हणाले, "विवेकभाऊ, मी बिस्मिल्ला म्हनतो, तुमी गणपती म्हना, पन दार धरा नीट! आपला इकामा जातो का ऱ्हातो ते उद्या बघू." तीन घावांत कुलूप खलास. भाईंनी एकच पासपोर्ट नाही काढला. आतले सगळे एकेचाळीस टेबलावर मांडले आणि ज्याचा त्याच्या हातात दिला.

पंधराच्या संध्याकाळी मायलेकी उडाल्या. सतराच्या पहाटे युद्ध पेटलं, रियाधचा विमानतळ बंद झाला. साहेबांची पाच दिवसांची सहल महिन्यावर गेली. स्वतःचा पासपोर्ट खिशात असून हॉटेलच्या टीव्हीसमोर बसून राहिले. मला दया आली का? थोडी आली. पण थोडीच.

परत आल्यावर नसरुद्दीनभाईंवर ओरडले, "कंपनीचं कपाट फोडलंस? कुणाला विचारून?"

भाई शांतपणे म्हणाले, "साहेब, किल्ली कुठं होती?"

पण पुढच्याच महिन्यात नवं कपाट आलं, नवी किल्ली आली, आणि पासपोर्ट पुन्हा एकेक करून आत गेले. ताईंचा मुंबईला होता, आणि इथे असून एकच गेला नाही. विभाताईंनी आपला दिला नाही. "मला हवा तेव्हा माझ्या हाताला लागला पाहिजे," एवढंच म्हणाल्या आणि तो पर्समध्ये ठेवला. तिथेच मीही असते. कुठल्याच कुलपाला लागत नाही. उन्हाळ्यात मुंबईहून ताईंचं पत्र आलं, स्वानंदी जिना न थांबता चढते म्हणून. विभाताईंनी ते मोठ्यानं वाचलं. त्या दिवशी बिनकामाची असल्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

पण अजून एकेचाळीस आतच आहेत. ते आठवलं की संताप होतो. तरी मला आशा आहे, कारण विभाताई आताशा इतर बायकांनाही विचारतात, "तुमचा पासपोर्ट कुठाय गं?"

तुम्हालाही एक विनंती. तुमच्या हातात कुणा दुसऱ्याचं जाणं-येणं अडकलेलं असेल, तर तुम्हीही माझ्यासारखाच नवस बोला. नारळाचा नको. सोडवत नाही अशी आपली एखादी गोष्ट कबूल करा, आपला मान, आपला हुकूम, आपलं कुलूप. आणि फेडायला मुहूर्त बघत बसू नका. तिकडे कुणाचा तरी श्वास अडकलाय.