चौथ्या कोपऱ्यातली कुंडी

सहदेवचे निवडुंग एवढे बारके, की अकराच्या अकरा कुंड्या एका सुपात मावायच्या. कुंड्या तरी कसल्या, पणतीहून जरा खोल अशा वाट्या, कुंभाराला सांगून करून घेतलेल्या. त्यांत कुणी सुपारीएवढा, कुणी आवळ्याएवढा. कुणाला पांढरी लव, कुणाला तांबूस काटे. मुंबईला फोटोवाल्याकडे कामाला असताना एका बागवेड्या पारशी गृहस्थाने त्याला ही पिल्लं दिली होती. पोलादपूरचा पाऊस त्यांना कुठला मानवायला? पहिल्याच आषाढात निम्मी सडली. तेव्हापासून मृग लागला की सूप चुलीवरच्या फळीवर चढायचं आणि दिवाळीनंतर पडवीत उन्हाला यायचं. धुराने काळवंडली, पण जगली.

महाडला कोर्टाजवळ सहदेवचं फोटोचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की तो घरून नेलेल्या एखाद्या कुंडीचेच फोटो काढी. लोक हसत. म्हणत, माणसं सोडून काट्यांना बसवतो खुर्चीवर.

यंदा वैशाखात त्यातल्या एका तपकिरी गोळ्याला कळी धरली. चार वर्षांत पहिली. ही जात मोठी हट्टी. कडक ऊन मिळालं तर दुपारी घटकाभर उमलायची, नाहीतर मिटल्या मिटल्याच बी धरून मोकळी. त्या पारशी गृहस्थानेसुद्धा तिचं फूल उमललेलं कधी पाहिलं नव्हतं. सहदेव रोज उठला की आधी कळीपाशी जाई.

त्याच आठवड्यात त्याची बायको राही बाळंत झाली. मुलगी झाली.

पहिला मुलगा होता. दोन वर्षांपूर्वी पाचवीच्या सकाळी त्याने दूध तोंडातून सोडलं आणि सहावा दिवस काही पाहिला नाही. त्या खेपेला खोलीत काटा ठेवायचा राहिला, असं तिची सासू चंद्राबाई म्हणायची. राहीला ते खरं वाटत नसे. पण खोटं म्हणायचीही छाती होत नसे.

पाचवीला बाळंतिणीच्या खोलीच्या चारी कोपऱ्यांत फड्या निवडुंगाचं पान ठेवायचं, ते बारसं होईतो हलवायचं नाही, ही रीत. पण फड्या राहिला होता कुठे? गेल्या दोन सालांत कापूस पिंजून टाकल्यासारखा पांढरा किडा पडला आणि गावची कुंपणंच्या कुंपणं लोळली. चंद्राबाई पाचवीच्या सकाळीच नदीपर्यंत जाऊन हात हलवत परत आली. घटकाभर पडवीत बसली. मग उठून तिने सुपातल्या चार कुंड्या उचलल्या आणि खोलीच्या चार कोपऱ्यांत नेऊन ठेवल्या.

"आत्याबाय, कळीवाली नका आणू," राही बाजेवरून म्हणाली. "त्यांचा जीव हाय तिच्यात."

"कळी धरली म्हंजे जागता हाय तो. असलाच राखणीला बरा."

"एवढासा तर हाय."

"काटा तो काटा गो. विंचू काय हत्तीएवढा असतो?"

पहाटेपासून पोर अंगावर धड पीत नव्हती. तोंड लावायची, दोनदा ओढायची आणि झोपी जायची. सुईण बनुबाई म्हणाली, "उन्हाळ्याची पोरं सुस्तावतात." राहीने मान हलवली. पण हेच वाक्य तिने मागच्या खेपेलाही ऐकलं होतं.

दुपारी सहदेव महाडहून आला आणि त्याने सूप पाहिलं. पडवीत मायलेकांचं काय बोलणं झालं, ते राहीला अर्धवट ऐकू आलं. "खोलीत गेलेली वस्तू बारा दिवस भायेर येत नाय," हे मात्र स्पष्ट ऐकू आलं. जरा वेळाने पश्चिमेच्या खिडकीवर टांगलेल्या घोंगड्यामागून हाक आली.

"राही, जागी आहेस?"

"अवो, हळू. आत्ता कुठं आत्याबायंचा डोळा लागलाय."

"कळी फुगलीय का बघ."

राही उतरून कोपऱ्यात वाकली. कळीच्या टोकाला पिवळी चीर पडली होती.

"फुगलीय."

"मग आजच. उद्या नाही. कुंडी खिडकीत ठेव. बाहेर नको देऊ, मी शिवत नाही. गजाच्या आतच राहू दे, फक्त ऊन लागू दे. कॅमेरा मांडलाय मी."

"कोपरा मोकळा पडंल."

"घटकाभरच गं."

"जीव न्यायला येते तिला घटकाभर तरी लागतो व्हय? पोर दूध घेत नाय सकाळधरनं."

बाहेरची पावलं गजाजवळ आली. मग तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "मला कुणी सांगितलं नाही."

तो ठेव म्हणाला नाही, नको ठेवू असंही म्हणाला नाही. राहीने थोडी वाट पाहिली. मग घोंगडं बाजूला सारलं, पोरीच्या तोंडावर ऊन येत नाही ना ते पाहिलं आणि कुंडी खिडकीत ठेवली. उशाखाली राखणीला ठेवलेला विळा घेतला, पोरीला उचललं आणि चौथ्या कोपऱ्यात जाऊन, दोन्ही भिंतींना पाठ लावून बसली. विळा मांडीशी, नजर दाराकडे. काट्याच्या जागी तीच.

"जरा डावीकडे फिरव," सहदेव म्हणाला.

"मी उठणार नाय."

त्याने तिपाई हलवल्याचा आवाज आला.

ऊन फरशीवर आलं. राहीने पोरीच्या ओठांवरून बोट फिरवलं, छातीशी धरलं. पोर तशीच पडून. तिने टाच चोळली, गालावर फुंकर घातली. काही नाही.

"उमलतंय," सहदेव बाहेरून पुटपुटला. "राही, कळी गोळ्याहून मोठी झालीय बघ. हळदीसारखं पिवळं आहे. आत धागे आहेत, हलतायत."

"बरं."

कॅमेऱ्यावरच्या काळ्या कपड्याची सळसळ झाली. खटका वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला.

तेवढ्यात पोरीने तोंड उघडलं, चाचपलं आणि पकडलं. एक घोट. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग दुसरा.

"झालं," सहदेव म्हणाला. "फोटोची एक प्लेट उरलीय. पोरीला घेऊन ये गजापाशी. ऊन आहे तोवर दोघींचा काढतो."

"नको."

"आई काही बोलणार नाही, मी सांगेन तिला."

"पितेय ती."

ऊन खिडकीच्या चौकटीवरून सरकलं, तरी त्याने कॅमेरा आवरला नाही, की तिला घाई केली नाही.

"मिटायला लागलंय," बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला. "बघून तरी घे एकदा."

राहीने मान वळवली नाही. पोरीच्या गळ्याशी बोट टेकवून ती पुढच्या घोटाची वाट पाहत होती.