चार सलिव्हन

आयर्लंडमधल्या कूमावारात दगड भिरकावला तर तो सलिव्हनलाच लागतो, आणि भिरकावणाराही सलिव्हनच असतो. म्हणून तिथे आडनाव कुणी विचारत नाही, फाटा विचारतात. हे तांबडे सलिव्हन, ते होडीवाले, ते खडकावरचे. हॅनोरा गोऱ्या सलिव्हनांपैकी, आणि गोऱ्यांपैकी आता ती एकटीच उरली होती. वय सदुसष्ट, लग्न केलेलं नाही, मेंढ्या अठरा, आणि जीभ अशी की टपालवाला पत्र फाटकात खुपसूनच पळायचा.

मंगळवारी कॉन सलिव्हन तिच्या अंगणात आला. कॉन तांबड्यांपैकी, शाळेत तिच्या मागच्या बाकावरचा, आता दफनभूमी समितीचा अध्यक्ष. त्याने आपण होऊन चहा मागितला, तेव्हाच तिने ओळखलं की स्वारी कामाने आली आहे.

"अमेरिकेहून पाहुणे येताहेत," तो म्हणाला. "ब्यूट शहरातले. त्यांचे आजोबा इथून तिकडच्या तांब्याच्या खाणीत गेले होते. मॉर्टी सलिव्हन. त्यांचं घराणं आम्ही शोधून काढलं."

"कुठलं?"

"तुमचं."

हॅनोराने किटली खाली ठेवली.

"तिकडच्या चर्चमध्ये मॉर्टीच्या लग्नाची नोंद आहे," कॉन घाईघाईने म्हणाला. "बापाचं नाव ओवेन सलिव्हन, कूमावारा. ओवेन म्हणजे तुझे पणजोबाच की. पाहुण्यांनी खाली बँट्री शहरात दगड घडवून घेतलाय. त्यावर नुसतं सलिव्हन कोरलंय, बाकी नावं मागाहून. शुक्रवारी तुझ्या पणजीच्या, हॅनाच्या कबरीवर बसवायचा. फादर येतील, वर्तमानपत्राचा माणूस येईल."

"माझ्या पणजोबांना मॉर्टी नावाचा मुलगा नव्हता."

"तुला काय ठाऊक? डझनावारी पोरं व्हायची तेव्हा."

"चार झाली. दोन घरातून हाकलल्यावर रस्त्यावर मेली. नावं सांगू?"

कॉनने कपात पाहिलं. मग त्याने आवाज मऊ केला, आणि कॉनचा आवाज मऊ झाला की समोरच्याने सावध व्हावं. "हॅनोरा, तुझ्यामागे आहे कोण? तुझ्यानंतर हॅनाम्हातारीच्या कबरीवरचं गवत कोण काढणार? फुकटात वारस मिळतोय."

हे मात्र वर्मी लागलं. सख्ख्या भावाने म्हटलं असतं तरी लागलं असतं, हा तर कॉन. पण रडणं हा तिचा पिंड नव्हता.

"वारस नाही म्हणून आमचे मेलेले वाटायला काढलेत का?" ती म्हणाली. "चहा संपव आणि चालू लाग."

शुक्रवारी नऊ वाजताच ती दफनभूमीत हजर झाली. बरोबर दूध काढायचं तिपायी स्टूल, थर्मास आणि मेंढ्या हाकायची काठी. हॅनाच्या कबरीवर दगड म्हणून एक करडा गोटा होता, हॅनोराच्या आजोबांनी समुद्रावरून आणलेला. त्यावर अक्षर नव्हतं. हॅनोराने स्टूल गोट्याला लागून मांडलं आणि चहा ओतून घेतला. इथून उठायचं नाही, एवढं तिने घरून निघतानाच ठरवलं होतं.

दहाला ट्रक आला. चालक लेशेक नावाचा पोलिश माणूस, अकरा वर्षं बँट्रीहून दगड पोचवणारा. मागोमाग गाव आलं, तीसेक माणसं, त्यांतले वीस तरी सलिव्हन. फादर आले. शेवटी कॉनच्या मोटारीतून पाहुणे उतरले. बहात्तरीचा उंच म्हातारा, नवी कोरी आयरिश टोपी घातलेला, आणि त्याची मुलगी टेस, खांदे चांगले भक्कम, तिकडे आगीच्या बंबावर नोकरीला.

"ही आमची हॅनोरा," कॉन हसत म्हणाला. "तुमची चुलत बहीणच म्हणा. जरा तिरसट आहे."

"जरा नाही," हॅनोरा म्हणाली. "बसा, मिस्टर सलिव्हन. गवत कोरडं आहे. एक विचारते. तुमच्या आजोबांचा थोरला मुलगा कोण?"

"माझे वडील." म्हातारा खरंच गवतावर बसला. तिला ते आवडलं, आणि आवडलं याचा रागही आला.

"त्यांचं नाव?"

"जेरेमाया. माझंही तेच. पण लहानपणापासून सगळे मला बड म्हणतात, म्हणून पत्रात मी नुसतं जे. लिहितो."

होडीवाल्यांपैकी एका बाईने क्रॉसची खूण केली. कॉनचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण रंग उतरला. जे. म्हणजे जॉन असं त्याने आपल्या सोयीने धरलं होतं. कूमावारात गेल्या एकशेतीस वर्षांत जेरेमाया हे नाव कुणी मुलाला ठेवलं नव्हतं. कुत्र्यालासुद्धा नाही.

"काय झालं?" टेसने विचारलं.

"काही नाही," कॉन म्हणाला. "चला, आधी दगड..."

"थांब. बाई विचारतेय, तिला उत्तर मिळू दे." हॅनोराने कप रिकामा केला. "आमच्यात थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवतात. यात कुणी फिरवाफिरव करत नाही, इथेही नाही आणि समुद्रापलीकडेही नाही. तुमच्या आजोबांनी लग्नाच्या कागदावर बापाचं नाव ओवेन लिहिलं. खोटं लिहिलं. कागदाशी खोटं बोलता येतं. पण मुलाच्या बाप्तिस्म्याला त्यांची जीभ धजली नाही. तुमचा पणजोबा ओवेन नाही. जेरेमाया."

"हॅनोरा, पुरे. पाहुणे आहेत."

"म्हणूनच सांगतेय, कॉन. घरच्यांना ठाऊकच आहे."

आणि तिने सांगितलं. अठराशे सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात जमीनदाराच्या माणसांनी गोऱ्यांना घराबाहेर काढलं, छप्पर पाडलं. गावाने शपथ घेतली, ती जमीन कुणीही कसायची नाही. महिन्याभरात खडकावरच्या जेरेमायाने ती कसायला घेतली. ओवेन वर्षभरात गेला. हॅना रस्त्याकडेच्या खोपटात, मार्च महिन्यात. त्यानंतर जेरेमायाशी गाव बोललं नाही. दुकानाने त्याला मीठ दिलं नाही, लोहाराने त्याच्या घोड्याला नाल ठोकली नाही. बावीस वर्षं.

"आणि इथे मयत उचलायला त्याच आडनावाची चार माणसं लागतात," ती म्हणाली. "सलिव्हनची मयत, चार सलिव्हन. या गावात, जिथे सलिव्हन पायात येतात, जेरेमायाला चार मिळाले नाहीत. बायकोने आणि पोरांनी गाढवाच्या गाडीवर घालून आणला. मॉर्टी त्या गाडीमागे चालत होता. दोन वर्षांनी बोट धरली ती धरलीच."

बडने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आजोबा कुठल्याही मयतीला जायचे," तो म्हणाला. "ओळखीचा असो नसो. आम्ही हसायचो. खांदा द्यायला सगळ्यांत पुढे."

हॅनोराने थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं.

"ते कुठे आहेत?" टेसने विचारलं. "जेरेमाया?"

शेवटी हॅनोरानेच काठीने दाखवलं. कुंपणाच्या भिंतीला लागून कोपरा, खाजरं तण माजलेलं, दगड नाही, गोटाही नाही.

बड उठला. "मग दगड तिथे," तो म्हणाला. "आणि त्यावर त्यांचं नाव."

"ते जमायचं नाही," कॉन म्हणाला. आता आवाज मऊ नव्हता. "माफ करा, मिस्टर सलिव्हन, पण या जमिनीत ते नाव कोरलं जाणार नाही. गाव ऐकणार नाही. हॅनोरा, घात तुझ्या घराचा झालाय. तूच सांग त्यांना."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर तिलाही तेच म्हणायचं होतं. ते नाव निघालं की तिचे आजोबा चुलीत थुंकायचे, आणि तो राग तिला मेंढ्यांबरोबर वारशात मिळाला होता. पण तिने कॉनकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यात दुसराच राग चढला. मंगळवारी हाच माणूस हॅनाच्या उशाशी परकं नाव लावायला निघाला होता. आज तोच एका मेलेल्याला नाव नको म्हणत होता. कुठे कोण पुरलंय हे कॉनच्या सोयीने ठरणार असेल, तर उद्या हॅनोरा गेल्यावर या करड्या गोट्याला कोण विचारतो?

ती उठली. स्टूल उचलून काखेत घेतलं.

"जेरेमाया सलिव्हन," ती मोठ्याने म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा. "त्याने आमची जमीन खाल्ली. मी विसरणार नाही, आणि माफ तर मुळीच करणार नाही. माफ करायचं तर हॅनाने करावं. पण तो तिथे पुरलाय, आणि जो जिथे पुरलाय तिथे त्याचंच नाव. त्याचं तिथे, तिचं इथे. समितीने यात पडू नये."

"गाव तुझ्याशी बोलायचं बंद होईल," कॉन म्हणाला.

"बरं होईल. मेंढ्यांकडे नीट लक्ष देता येईल." ती बडकडे वळली. "नाव ठळक कोरा. माझा चष्मा जुना आहे, आणि मला त्याला शिव्या घालायला यायचंय."

बड हसला नाही. त्याने मान हलवली, आणि ते बरोबरच होतं.

लेशेकने ट्रकमधून हातगाडी काढली. दगड छोटाच होता, पण जड.

"ती ठेव," हॅनोरा म्हणाली. "गाडीवरून एकदा गेलाय तो. आता हातांवरून जाईल."

बडने एक कोपरा धरला, टेसने दुसरा. हॅनोराने बाह्या वर केल्या आणि तिसरा. मग तिने गावाकडे पाहिलं. वीस सलिव्हन उभे होते. कुणी बूट पाहत होतं, कुणी आभाळ. कॉनने टोपी डोक्यावर दाबली आणि फाटकाकडे चालू लागला. दोघेतिघे त्याच्यामागून गेले. बाकीचे गेले नाहीत, पण पुढेही आले नाहीत.

"लेशेक," हॅनोरा म्हणाली. "ये इकडे."

"बाई, मी सलिव्हन नाही."

"आजच्यापुरता हो."

लेशेकने विचार केला. अकरा वर्षांत इकडची रीत त्याला ठाऊक झाली होती. "कुठले सलिव्हन?" त्याने विचारलं.

"गोरे," हॅनोरा म्हणाली. "आमच्यात पुष्कळ जागा रिकामी आहे."

त्याने हातमोजे चढवले आणि चौथा कोपरा धरला.