वीस मिनिटे आधीची घंटा

११ नोव्हेंबर, सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटे. काप्राला गावच्या चर्चमध्ये दुपारची बाराची घंटा झाली.

संत मार्टिनोच्या दिवशी बाराची घंटा होईपर्यंत राईत गळलेले चेस्टनट राईच्या मालकाचे. त्यानंतर जमिनीवर जे उरेल ते वेचणाऱ्याचे. त्यामुळे सकाळपासून रस्त्यावर पोती घेऊन उभी असलेली वीस माणसे तिसऱ्या ठोक्याला झेलिंडा बियाजींच्या कुंपणाच्या आत होती.

झेलिंडाबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात. वरच्या बांधावरचे त्यांचे मोठे झाड उशिरा गळते, म्हणून ते त्या शेवटी वेचतात. चेस्टनट वाळवून दळतात; त्यांच्या हिवाळ्याच्या पिठातले निम्मे त्या एका झाडाचे. घंटा झाली तेव्हा त्या झाडाखाली गुडघ्यांवर बसून वेचायला नुकती सुरुवात करत होत्या.

"अजून बारा नाही वाजले," त्या म्हणाल्या.

"घंटा झाली ना, काकू," शेजारीण अदाल्जीसा म्हणाली. "पाय जरा सरकवता का? खाली दोन आहेत."

सव्वाबाराला झाडाखाली फक्त रिकामी काटेरी बोंडे उरली होती.

घंटा वाजवणारा ओलिंतो चौकात सापडला. त्याचे घड्याळ बरोबर होते.

"मनोऱ्याला एकशे बारा पायऱ्या आहेत," तो म्हणाला. "दम लागतो, म्हणून लवकर निघालो. नेमका आज दम लागला नाही."

"मग वर थांबायचंस," कुणीतरी म्हणाले.

"वर थंडी होती."

त्याच्या पायाशी चेस्टनटचे भरलेले पोते होते. ते बायकोचे आहे, असे त्याने सांगितले. ओलिंतोचे लग्न झालेले नाही.

फादर फिर्मिनो शेजारच्या गावातले अंत्यसंस्कार आटोपून दोन वाजता परतले. त्यांनी सगळा माल परत करायला सांगितले. पण तोवर पोती गावाच्या वाळवणघरात रिकामी झाली होती. तिथे कामट्यांच्या माळ्यावर सगळ्या गावाचे चेस्टनट एकत्र पसरतात.

"आता कुणाचं कुठलं ते देवालाच माहीत, फादर," अदाल्जीसा म्हणाली.

"त्याला माहीत आहेच. पण तो मला सांगत नाही. पीठ झालं की प्रत्येकाने आपल्यातलं थोडं झेलिंडाबाईंना द्यावं."

"आधी ओलिंतोने द्यावं," वीस जण म्हणाले. ओलिंतो म्हणाला, विचार करून सांगतो.

चार वाजता माळ्याखाली आग लावायची होती. ही आग चाळीस दिवस नुसती धुमसायला हवी. भडकली तर माल करपतो, विझली तर बुरशी धरतो. तिला हात लावायचा तो एकाच माणसाने. त्याचे नाव ऑक्टोबरात टोपीतून चिठ्ठी काढून ठरते. यंदा कोणाचे निघाले होते हे लोकांना आठवले, ते झेलिंडाबाईंनी ॲप्रनच्या खिशातून किल्ली काढली तेव्हा.

त्यांनी आग लावली आणि खुर्ची ओढून घेतली.

"काकू, जाळ नाही ना होणार?" अदाल्जीसाने दारातून विचारले.

"बघू. लाकूड केव्हा घालायचं ते वेळेवर असतं. आणि मी आपली घंटेवर चालते."

१२ तारखेला वाळवणघराच्या दाराशी घेवड्याचे सूप, वाइनच्या दोन बाटल्या, एक लोकरी शाल आणि पाय ठेवायला पाट आला. झेलिंडाबाईंनी सूप घेतले, भांडे धुऊन परत केले. बाकीच्या वस्तू दाराशीच राहिल्या.

१३ तारखेला संध्याकाळी पावणेपाचला छपरावरचा धूर पातळ झाल्याचे दिसले. वीस जणांनी ओलिंतोला घरून आणून वाळवणघराच्या दारात उभे केले.

"काय बोलू?" त्याने विचारले.

"विचार झाला म्हणून सांग," अदाल्जीसा म्हणाली. "आणि टोपी काढ."

ओलिंतो टोपी काढून आत गेला. दार लागले.

हे लिहीपर्यंत सव्वासहा झाले आहेत. धूर तेवढाच पातळ आहे. ओलिंतो बाहेर आलेला नाही. सहाची घंटा झालेली नाही.