तांब्याच्या गोळ्याची उन्हातली नोकरी

मित्रांनो, हसणार नसाल तर माझं जन्मस्थान सांगतो. संडासाची टाकी! हसलात ना? हसा, हसा, मला सवय आहे. मी एक जुना तांब्याचा गोळा आहे, लहानशा नारळाएवढा आणि आतून पोकळ. टाकीत पाणी भरलं की आपण वर तरंगायचं आणि नळ बंद करायचा, एवढंच माझं काम. अंधार, गारवा आणि दिवसातून पंधरा-वीस डुबक्या, अशी सुखाची नोकरी होती. तिथून मी थेट भर उन्हात कसा आलो, ते ऐका.

ज्या प्लंबरने मला त्या टाकीतून काढलं, त्याची मुलगी कॉलेजात शिकत होती. इमारती का तापतात, त्या तापण्याने माणसाचे काय हाल होतात आणि कशा बांधल्या तर हे हाल कमी होतील, हा तिचा अभ्यास. त्यासाठी तिला एक उपकरण हवं होतं, पोटात थर्मामीटर असलेला काळा गोळा. कॉलेजात तो एकच होता आणि त्याच्यासाठी ही भली मोठी रांग लागायची.

"अगं, गोळाच ना? मी देतो की," प्लंबर म्हणाला. "माझ्या दुकानात ढीग पडलाय."

"बाबा, तो संडासातला आहे!"

"मग? धुऊन घे. तुला कुठे त्याच्यातून पाणी प्यायचंय?"

झालं! मला सोड्याने घासलं, भोक पाडलं, त्यात बूच बसवून थर्मामीटर खुपसला आणि वरून काळा रंग फासला. चकचकीत काळा नव्हे हं, पाटीसारखा सुका काळा. कारण मला ऊन परत फेकायचं नव्हतं, गिळायचं होतं. भिंतीवरचा साधा थर्मामीटर फक्त हवा किती गरम आहे ते सांगतो. मी मात्र हवा, ऊन, तापलेलं छप्पर, आलेली-गेलेली झुळूक, सगळ्यांचा हिशेब पोटात मांडतो आणि तिथे उभ्या माणसाला किती भाजत असेल ते सांगतो. फक्त मला वीस मिनिटं लागतात. घाई करणाऱ्याला माझ्याकडून चुकीचा आकडा मिळतो आणि त्यात माझा काडीचाही दोष नाही.

पुढची बारा वर्षं मी आणि आमच्या बाईंनी मिळून उन्हाळेच्या उन्हाळे पालथे घातले. (ती मुलगी शिकून सवरून 'बाई' झाली होती.) पत्र्याखालचे शिवणकामाचे माळे, बसथांबे, भट्ट्या, काही सोडलं नाही. तीन पायांच्या स्टँडवर मला मोठ्या माणसाच्या पोटाच्या उंचीला टांगायचं, असा पुस्तकातला नियम होता. बाई तो नियम डोळे झाकून पाळायच्या. एका लाँड्रीचा मालक त्यांना म्हणाला, "छे हो, कसला उकाडा? माझ्या भिंतीवर बघा, चौतीस!" त्याचा थर्मामीटर टांगला होता त्याच्याच पंख्याखाली. मी इस्त्रीच्या टेबलापाशी वीस मिनिटं थांबून पंचेचाळीस सांगितले. इस्त्री करणारी एक बाई पदराने मान पुसत म्हणाली, "घ्या! तांब्याला कळलं, मालकांना कळायला इतकी वर्षं लागली." मालक इतका ओशाळला की आठवड्याभरात वाफेच्या नळांवर जाड वेष्टण चढलं आणि भिंतीत वरच्या बाजूला दोन खिडक्या निघाल्या. बाईंच्या अहवालात माझा फोटो छापून आला. टाकीतल्या गोळ्याला आणखी काय पाहिजे?

पण दिवस काय कायम तेच राहतात? एके दिवशी प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं. त्याला पडदा होता, बटणं होती आणि ते दोन मिनिटांत आकडा सांगायचं. मी गेलो खालच्या खणात, गंजक्या पकडी आणि मोडक्या छत्रीच्या शेजारी. मला नाक नाही, तरी मिरच्या झोंबल्या. तीन उन्हाळे मी तिथे काढले. खण उघडला की मला वाटायचं, आता माझी पाळी. पण हात यायचा तो पकडीसाठी.

त्या तीन वर्षांत बाईंनी आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हाती घेतलं होतं. कामाला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी पाळणाघर, आणि तेही पंखे बंद पडले तरी गार राहील असं. एक बांधून झालं होतं. पांढरं छप्पर, पांढऱ्या फरशीचं अंगण, मुलं रस्त्यावर धावू नयेत म्हणून अंगणाभोवती कमरेएवढा विटांचा भक्कम कठडा. मंजुरी देणाऱ्या समितीने सही केली की त्याच नकाशावर आणखी चाळीस पाळणाघरं उभी राहणार होती. सहीच्या आदल्या दिवशी शेवटची मोजणी होती, आणि नेमकं नवं यंत्र तपासणीसाठी बाहेर गेलं होतं. घोडं अडलं. खण उघडला आणि या वेळी हात माझ्याकडे आला! मित्रांनो, मी टाकीतल्यासारखी उसळी मारणार होतो.

बाईंनी मला अंगणाच्या मधोमध स्टँडवर टांगलं आणि त्या आत नकाशे दाखवायला गेल्या. पाच मिनिटं झाली असतील नसतील, तोच पाळणाघरातल्या मावशी बाहेर आल्या. सकाळपासून मुलांनी एकवीस दुपटी ओली केली होती आणि दोरी बांधायला खांब एकच होता. मावशींनी स्टँड बघितला, मला अलगद काढून मुलांच्या बुटक्या स्टुलावर ठेवलं आणि स्टँडला दोरी बांधून दुपटी वाळत घातली. इतक्या वर्षांच्या माझ्या संशोधनाची ही किंमत! पण स्टुलावर बसल्या बसल्या मी तापू लागलो. पांढरी फरशी खालून ऊन फेकत होती. वारा होता, पण तो कठड्यावरून जायचा. माझ्यापर्यंत येईना.

अर्ध्या तासाने बाई आल्या. वर दुपटी बघून त्यांना हसू आलं आणि खाली माझा आकडा बघून त्या हसायच्याच थांबल्या. मी अठ्ठेचाळीस सांगत होतो. याच अंगणात नव्या यंत्राने स्टँडवरून कधी चाळीसच्या वर आकडा दिला नव्हता.

"गेला हा. म्हातारा झाला," बाई म्हणाल्या. "भंगारात द्यायला हवा." आणि त्यांनी मला पिशवीत टाकायला उचललं.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. इतकी वर्षं साथ दिली, आणि ज्या दिवशी खरं बोललो त्याच दिवशी भंगार?

"ताई, तो कशाला खोटं बोलेल?" मावशी चिमटे लावता लावता म्हणाल्या. "माझी पोरं अकरा वाजले की अंगणातून आत पळतात. पुन्हा न्यावं तर भोकाड पसरतात. मला वाटायचं, लाडावलीत मेली. मी उभी राहते तेव्हा तर इथे मस्त वारा लागतो."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. मग त्यांनी मला परत स्टुलावर ठेवलं, चपला काढल्या आणि माझ्या शेजारी फरशीवर बसायला गेल्या. "आई गं!" म्हणत ताडकन उठल्या, खाली एक दुपटं घातलं आणि पुन्हा बसल्या. पूर्ण वीस मिनिटं बसल्या. चेहरा लालबुंद झाला, डोळे चुरचुरायला लागले, केस कपाळाला चिकटले. मावशींनी पाणी दिलं, ते पिऊन बाई म्हणाल्या, "मावशी, तीन वर्षं मी माझ्या पोटाच्या उंचीला मोजत होते. आणि मुलं आहेत गुडघ्याएवढी."

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक होती. बाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांच्या विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला. "अहो, सही तर होऊ द्या! नंतर हळूच बदलू की अंगण. आत्ता बोललात तर वर्षभर काम लांबेल. लोक म्हणतील, उष्म्याच्या तज्ज्ञ आणि साधं अंगण मोजता आलं नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"म्हणू देत सर," बाई म्हणाल्या. "चाळीस अंगणांत मुलं भाजणार आहेत. त्यांना बोलता येत नाही, त्यामुळे त्यांच्या वतीने तक्रारही कोणी करणार नाही. चूक माझी आहे. गोळ्याने बरोबर सांगितलं होतं."

लोक हसले, काही चिडलेही. एकाने विचारलं, "हा गोळा कुठल्या कंपनीचा?" बाईंनी मान ताठ ठेवून सांगितलं, "संडासाच्या टाकीतला आहे." त्या दिवशी मी लाजलो नाही, मित्रांनो. मी ऐटीत बसून राहिलो.

काम वर्षभर लांबलं. बाईंनी शिव्या खाल्ल्या आणि पुन्हा मोजण्या केल्या, या वेळी गुडघ्याच्या उंचीला. भक्कम कठड्याच्या जागी उभ्या गजांचं कुंपण आलं. फरशी उखडून हिरवळ लावली आणि वर जाड कापडाचं छत ताणलं. पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा त्याच बुटक्या स्टुलावर बसलो. वीस मिनिटांनी आकडा आला पस्तीस. बाईंनी तो दोनदा वाचला. अकरा वाजून गेले, साडेअकरा झाले, तरी एक पोर आत पळालं नाही. उलट मावशीच त्यांना आत चला म्हणत होत्या, आणि पोरं काही केल्या ऐकत नव्हती.

माझा रंग आता उडालाय, एका बाजूला पोचा आलाय. नवं यंत्र दोन मिनिटांत बोलतं, मी अजून वीसच घेतो. मला खणात ठेवलंत तरी माझी तक्रार नाही. एवढीच विनंती आहे, की कधी एखादं जुनं उपकरण, एखादं म्हातारं माणूस किंवा रडणारं लहान मूल तुम्हाला न पटणारं काही सांगू लागलं, तर त्याला लगेच खोटं ठरवू नका. आधी त्याच्या शेजारी जाऊन बसा. आणि वीस मिनिटांच्या आत उठू नका.