पूर्ण नाव

कुशाबाईनं पदर दातांत घट्ट धरला आणि मोबाइलच्या बारक्या काळ्या डोळ्याकडं बघितलं. ऑफिसातल्या प्रतिभानं तिसऱ्यांदा लाल टिंब दाबलं.

“काकू, पदर सोडा आधी. हं, बोला. माझं नाव...”

“माझं नाव कुशाबाई...”

इथपर्यंत सगळं कसं सरळ आलं! पुढं जीभ जी टाळ्याला चिकटली, ती चिकटलीच.

मंचरच्या त्या सीएच्या ऑफिसात पंखा गरगरत होता. घाटघरच्या बायकांनी हिरड्याची कंपनी काढली होती. जुन्या साड्या बांबूवर ताणून त्यावर हिरडा वाळवायची शक्कल तिचीच. मातीचा कण न लागलेला तो माल पुण्याच्या औषधवाल्यांनी थेट मागितला, म्हणून सगळ्यांनी अध्यक्षही तिलाच केलं. आता राहिली होती फक्त डिजिटल सही. त्यासाठी कॅमेऱ्यासमोर, स्वतःच्या तोंडानं, पूर्ण नाव सांगायचं. पूर्ण म्हणजे नवऱ्याच्या नावासकट!

“उखाण्यात घेऊ का गं?” तिनं हळूच विचारलं.

“उखाणा नाही चालत, काकू. आधारवर आहे तसंच लागतं.”

उखाण्यात घेतलेलं नाव वेगळं. त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण असतं. असं उघडंबोडकं नाव बाहेर टाकायचं म्हणजे माणसाचं आयुष्यच कुणाच्या तरी हातात द्यायचं. तिची जाऊ लंकाबाई एकदा रेशनच्या कचेरीत साहेबानं दरडावल्यावर नाव बोलून गेली होती. आठव्या दिवशी भागूभावजी गेले.

तीच लंकाबाई आत्ता शेजारी बसली होती. तीही संचालक. तिचा व्हिडिओ मघाशी एका दमात झाला होता. “माझं नाव लंकाबाई भागू आढारी.” ना अडखळली, ना थांबली. ते ऐकून कुशाबाईच्या अंगावर काटाच आला होता.

“तुला भ्या न्हाई वाटलं?”

“आता कुणासाठी भिऊ?” लंकाबाई एवढंच म्हणाली आणि पानाला चुना लावत बसली.

कोपऱ्यातल्या सोफ्यावरून सुभाषराव खाकरला. सभासदांत पुरुष तो एकटाच. वीस वर्षं गावातला हिरडा तोच उचलत होता, भावही तोच सांगायचा.

“वैनी, जबरदस्ती न्हाई बरं का. पाचच्या आत झालं पायजे, म्हून म्हणतो. माझं नाव घाला अध्यक्षाच्या जागी. आपण काय परकं हाय का? कामं तुमीच करा, सह्या तेवढ्या मी मारतो.”

आणि त्यानं खिशातून पासपोर्ट फोटोंचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

कुशाबाई त्या पाकिटाकडं बघतच राहिली. इस्त्रीच्या शर्टातला, केस चापून बसवलेला फोटो. म्हणजे हा बाबा सकाळी जीपमध्ये बसतानाच फोटो घेऊन निघाला होता!

“दाब गं ते लाल,” ती प्रतिभाला म्हणाली.

डोळे गच्च मिटले असते तर बरं झालं असतं, पण मिटायचे नव्हते.

“माझं नाव कुशाबाई... सावळेराम... आढारी.”

“झालं! एकदम ओके!” प्रतिभानं टाळी वाजवली. सुभाषरावानं पाकीट गुपचूप खिशात घातलं. कुशाबाईला यातलं काहीच दिसत नव्हतं.

“घरी फोन लाव. ह्यांना लाव.”

रिंग गेली. घाटघरात खाली अंगणात रेंज असते कुठं? रिंग गेली म्हणजे मालक झाडावर. तेही पार शेंड्यावर!

“हां, बोल.”

“कुठंशी हाय तुमी?”

“हिरड्यावर. का गं, दिसतोय का मंचरातून?” तो हसला.

“दोनी हातांनी फांदी धरा.”

“मंग फोन काय दातात धरू?”

“उतरा खाली. आत्ताच्या आत्ता.”

“अगं, निम्मं झाड ऱ्हायलंय. झालंय काय पण?”

काय सांगणार? तुमचं नाव घेऊन बसले, म्हणून सांगणार?

“मी सांगते म्हून उतरा!”

ऑफिसातली सगळी माणसं वळून बघायला लागली. एवढा मोठा आवाज आपल्या गळ्यात आहे हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

“...बरं,” तो म्हणाला.

मग पानांची सळसळ. कर्रकन काहीतरी वाजलं. फोन बंद.

तिनं पुन्हा लावायला सांगितलं. फोनातली बाई गोड आवाजात म्हणाली, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

लंकाबाईचं पान चघळणं थांबलं होतं. ती सरकून कुशाबाईला खेटून बसली.

“काय झालं काकू?” प्रतिभानं विचारलं.

“काय न्हाई. उतरलं खाली,” कुशाबाई म्हणाली. “परत लाव.”